सावेडीला गेलेली बाटली

पौष लागला की आमच्या घरी दोन गोष्टी हमखास होतात. गोठ्यातल्या गाई व्यायला येतात, आणि एरवी रस्त्यात समोरून आले तरी मान वळवणाऱ्या लोकांना आमची आठवण येते. दळण घेऊन गेलं की गिरणीवाला विचारतो, "वयनी, कवा व्यायचीय?" शाळेतल्या बाई स्कूटी थांबवून विचारतात. समोरच्या घरातल्या काकू तर आमच्या गाईच्या कासेकडे अशा बघतात, की जणू तिथं त्यांनी काही ठेवायला दिलेलं आहे. सगळ्यांना चीक हवा असतो. गाय कशी आहे, थंडीनं तिचे पाय आखडलेत का, तिच्याखाली कोरडं करायला पहाटे कोण उठतं, हे विचारणारं माणूस मला अजून भेटायचं आहे.

चीक म्हणजे व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, घट्ट, पिवळंधमक. त्याचा खरवस होतो हे कुणाला सांगायला नको. तो आधी वासराच्या पोटात जायला हवा, हे मात्र दर वर्षी, दर गाईला, दर माणसाला नव्यानं सांगावं लागतं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी झगडण्याची ताकद नसते, ती चिकातून येते, हे सांगून सांगून माझा घसा बसला. लोक "व्हय, व्हय" म्हणतात आणि तांब्या पुढे करतात.

आमचं गाव नगरहून भिंगार ओलांडून पाथर्डीच्या रस्त्यानं आत गेलं की लागतं. आमच्या गल्लीत चीक विकत नाहीत. दारात भांडं घेऊन आलेल्याला नाही म्हणत नाहीत. आणि आमच्या ज्या भांड्यातून चीक गेला, ते भांडं धुवून परत करायचं नाही, अशी पद्धत. घेणाऱ्यानं ते तसंच खरकटं ठेवून, आत गुळाचा खडा टाकून परत द्यायचं. धुतलं तर म्हणे गाय आटते. गाय आटो न आटो, ते डबे घासताना माझे हात आटतात. वाळलेला चीक, त्यात विरघळलेला गूळ, त्यावर मुंग्या. असे डबे मी हिवाळाभर घासत असते.

हे सगळं चालतं ते सासूबाईंच्या जोरावर. त्यांना द्यायला आवडतं. चीक वाटताना त्यांचा चेहरा इतका खुलतो, की समोरच्यानं मागितला नाही तरी त्या हाक मारून देतात. आणि त्यांच्या यादीत सगळ्यात वरचं नाव त्यांच्या लेकीचं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचं. वन्सं नगरला सावेडीत फ्लॅटमध्ये राहतात. गाय व्याली की त्यांच्याकडे एक बाटली जायलाच हवी. दुधाचा टेम्पो नगरला जातो, त्याच्या ड्रायव्हरच्या हाती ती पाठवायची. वन्सं ती लगेच वापरत नाहीत, फ्रीझरमध्ये टाकतात. ताजा चीक बर्फ करून ठेवायचा, याइतका करंटेपणा दुसरा नाही असं मी दर वर्षी म्हणायचे. आणि सावेडीला गेलेलं भांडं धुतलेलं की न धुतलेलं हा प्रश्नच येत नाही, कारण ते परत येत नाही. माझे चांगले झाकणाचे स्टीलचे डबे तिकडे आहेत. शेवटी मी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांतून चीक पाठवायला लागले.

आमच्याकडे तीन गाई. दोन काळ्यापांढऱ्या होस्टन आणि एक तांबडी म्हातारी. तिला नाव कुणी ठेवलं नाही. तरुण होती तेव्हा तिला तांबडी म्हणायचे, आता म्हातारी म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा ती नुकतीच पहिल्यांदा व्यालेली पहिलारू होती आणि या घरात मी पहिली धार तिचीच काढली. माझ्या माहेरी, पुणतांब्याला, गोदावरीच्या काठचा ऊस आणि भाजीपाला. तिथं जनावरं गड्यांनी बघायची. मला काहीच येत नव्हतं. माझ्या वेड्यावाकड्या हातांखाली ती गाय निमूट उभी राहायची. या घरात माझ्यावर न खेकसलेलं ते एकच जनावर, माणसं धरून.

मागच्या हिवाळ्यात तिला कालवड झाली होती. अगदी तिच्यासारखी तांबडी. पण सासूबाईंचा दुसरा नियम आडवा आला. गाईची जार, म्हणजे वार, पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही. जार पडायला दिवस मावळला. तोवर दारात भांड्यांची रांग लागली होती. वासराच्या वाट्याला चीक आला तेव्हा त्याला चोखायचं त्राण नव्हतं. आठवडा व्हायच्या आत हगवण लागून कालवड गेली. तिला बांधावर पुरलं, आणि त्यानंतर बराच काळ मी घरात फक्त कामापुरतं बोलत राहिले.

यंदा दिवाळीनंतर आमच्या ह्यांनी गुरांचा व्यापारी घरी आणला. म्हातारी थकली, दूध कमी झालं, खाते तेवढं देत नाही. हिशोब बरोबर होता, म्हणून मला जास्त राग आला. मी फाटकात उभी राहिले. शेवटी तह झाला. हे एक वेत होऊ द्यायचं. कालवड झाली आणि जगली, तर तिच्यासाठी म्हणून म्हातारीही राहील. गोऱ्हा झाला किंवा वासरू गेलं, तर व्यापाऱ्याला फोन करायचा आणि मी मध्ये यायचं नाही. मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग मी घरात कायदा केला. जार पडो न पडो, पहिला चीक वासराला. त्याचं पोट भरल्याशिवाय गल्लीत थेंब जायचा नाही. दोघांकडून वदवून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "आता किती डाव म्हनू? वासराला पाजल्याबिगर कुनाला देनार न्हाई. झालं?"

झालं, असं मला वाटलं. म्हणून भाच्याच्या साखरपुड्याला पुणतांब्याला गेले. म्हातारीला माझ्या अंदाजानं अजून अवकाश होता. जाताना तिच्या अंगावर गोणपाटाची झूल घातली, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधली, पेंड भिजवून ठेवायला सांगितली. माहेरी दोन रात्री राहिले, तिथंही सगळ्यांना गाईचंच सांगत होते. भावजय म्हणाली, तुम्हाला साखरपुडा कुणाचा आहे ते तरी माहितेय का?

परत आले ती सकाळच्या एसटीनं. घरात न जाता पिशवीसकट गोठ्यात गेले. म्हातारी उभी होती. शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे खड्डे पडलेले, अंग सैल सोडलेलं. म्हणजे आज-उद्यातच व्यायची. पण कास बघितली आणि पिशवी हातातून खाली ठेवली. गेले तेव्हा भरत आलेली कास आता मऊ पडून लोंबत होती.

"आत्या," मी हाक मारली, "हिची धार कुणी काढली?"

सासूबाई अंगणात ऊन खात तूर निवडत होत्या. "काढली की. तू गेल्यापास्नं काढतोय. कास तटतटून फुटायला आल्ती. गाईला बसता यीना. कळवळली हुती बिचारी."

"आणि दूध?"

"दूध कशाचं, चीक हुता! असा पिवळा, हळदीवानी. लई दिसांनी असा चीक बघितला."

"कुठाय तो?"

"कुठं म्हंजी? वाटला."

मी तिथंच गव्हाणीच्या काठावर बसले. "आत्या, मी काय सांगून गेले होते? पहिला चीक कुणाला?"

"वासराला."

"मग?"

"अगं, पन वासरू कुठं हाय? झालंच न्हाई तर पाजू कुनाला? वासराला पाजल्याबिगर देऊ नको म्हनलीस, ते वासरू झाल्यावरचं. तुज्या शबदाभाईर न्हाई गेले मी."

चीक काही रोज नव्यानं भरून येत नाही. गाईच्या अंगात तो एकदाच तयार होतो. व्यायच्या आधी काढून टाकला तर पुढं येतं ते नुसतं दूध. सासूबाईंनी आयुष्यभर गाई सांभाळल्या, पण त्यांच्या डोक्यात चीक म्हणजे गाईनं घराला दिलेला प्रसाद. तो वासराचं औषध आहे हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही.

ह्यांना गाठायला शेतात गेले. कांद्याची लागण चालली होती. "तुम्ही बघत होता ना?" मी विचारलं. ते म्हणाले, "मी कांद्यात हुतो." हा माणूस वर्षभर कशात ना कशात असतो. पावसाळ्यात बाजरीत, हिवाळ्यात कांद्यात, उन्हाळ्यात मोबाईलमध्ये. वर सांगतात कसं, "आई म्हनली गाईला त्रास व्हतोय, म्हनून मीच दोर धरला." आणि कौतुकानं पिवळ्या चिकाच्या बादलीचा फोटो स्टेटसला ठेवला होता. तो अजून होता. गल्लीला बोलवायला दुसऱ्या दवंडीची गरजच नव्हती.

दुपारच्या आत म्हातारी व्याली. माझ्यासाठीच थांबली होती असं मी मनाशी धरते, खरं-खोटं तिलाच ठाऊक. आधी पाय दिसले, पांढरट पिवळे खूर. मग खूप वेळ काहीच पुढं सरकेना. ती बसायची, उठायची, पुन्हा बसायची. मी आणि ह्यांनी मिळून, तिनं कळ दिली की तेवढंच, ओढलं. सासूबाई तिच्या तोंडाशी बसून "हां बाई, हां बाई" करत होत्या. वासरू सुटून गोणपाटावर पडलं आणि मी आधी त्याचं शेपूट उचलून बघितलं. कालवड. तांबडी. मला इतका आनंद झाला की पुढचं सगळं विसरून मी हसले.

पण ती उठेना. म्हातारीनं चाटलं, मी कोरड्या गोणपाटानं पुसलं, नाळेला औषध लावलं. कालवडीनं मान उचलली आणि टाकली. ती वेळेच्या जरा आधीच आली असावी. हाडं नुसती, आणि अंग गार. बाहेर ऊन होतं, पण पौषातलं, चव गेलेलं. मी धार काढली. भांड्यात पडलं ते पांढरं, पातळ. चहाला चाललं असतं.

डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात अडलेल्या म्हशीपाशी होते. सगळं ऐकून म्हणाले, "दूध पाजा, पण त्यावर भागायचं नाही. एवढी अशक्त आहे तर चीक पोटात गेलाच पाहिजे, आणि आजच, जितका लवकर तितका बरा. उद्या पाजून उपयोग नाही. गावात कुणाची गाय व्यालीय का?"

कुणाचीच व्याली नव्हती. आमची एक होस्टन महिन्यापूर्वीच व्यालेली, दुसरीला अजून वेळ.

"मग कुणाकडं साठवलेला आहे का बघा. फ्रीजमधला, बर्फ झालेला, काहीही चालेल. फक्त उकळलेला नको. त्याच गाईचा मिळाला तर देवच पावला."

मी सासूबाईंकडे वळले. "कुणाकुणाला दिला?"

त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं आणि मी फोन करत सुटले. गिरणीवाला म्हणाला, "वयनी, काय खरवस झाल्ता! पोरांनी ताट चाटून ठिवलं." शाळेतल्या बाईंनी विलायची किती घातली तेही सांगितलं. समोरच्या काकू फोनवर थांबेनात, त्या स्वतःच वाटी घेऊन धावत आल्या. वाटीत खरवसाची एक वडी होती. "येवढीच उरलीय गं. चुरून पाजली तर चालंल का?" त्यांच्या डोळ्यांत खरंच काळजी होती, म्हणून मी ओरडले नाही. ओरडायला जोरही राहिला नव्हता. एका कालवडीचा जीव गल्लीनं गूळ घालून, वाफवून, वड्या पाडून खाल्ला होता, आणि प्रत्येक जण मनापासून कौतुक करत होता.

"आन् येक बाटली सावेडीला," सासूबाई हळूच म्हणाल्या. "टेम्पोवाल्याकडं दिल्ती. पहिल्या धारंचा हाय त्यो."

सावेडीचा नंबर लावायला माझं बोट वळेना. दिवाळीत डब्यांवरून आमचं वाजलं होतं. मी म्हटलं होतं, नसतील वापरत तर द्या परत. त्या म्हणाल्या होत्या, चार डब्यांसाठी एवढं बोलायचं असतं का, वहिनी? तेव्हापासून आम्ही एकमेकींना फोन सासूबाईंच्या हाती देऊन बोलत होतो.

फोन लागला. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला, "हां वहिनी, पोचली बाटली. या वेळी लहान पाठवलीत."

मी डोळे मिटले. "वन्सं, खरवस केला का?"

"अजून कुठं? फ्रीझरमध्येच आहे. आज काढीन म्हणते. रविवारी पाहुणे यायचेत..."

"काढू नका!" मी किंचाळले. गोठ्यातल्या दोन्ही होस्टन दचकून उठल्या. "हात लावू नका. गॅसवर ठेवू नका. वासराला हवाय. तिच्या पोटात चीक नाही, कालवड झालीय, तांबडी, उठत नाहीये..."

मग वन्सं एवढंच म्हणाल्या, "ठेव फोन." आणि कापला.

मी पुन्हा लावला. उचलेनात. पुन्हा. नाहीच. मला वाटलं, रागावल्या. दिलेली वस्तू परत मागितली, तीही माहेराहून आलेली, तीही मी. संताप असा आला की फोन गव्हाणीत फेकावा. ह्यांना म्हटलं, गाडी काढा आणि जा सावेडीला. दार उघडेपर्यंत बेल वाजवा. ते तसेच कांद्याच्या चिखलाच्या पायांनी मोटारसायकलवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा एका सांगण्यात निघाले.

मग नुसतं बसणं. कालवडीला पोत्यांत गुंडाळून मी मांडीवर घेतलं होतं. तोंडात बोट घातलं तर जीभ गार लागायची, चोखणं नाहीच. सासूबाईंनी शेगडीत निखारे आणून जवळ ठेवले. गाईसाठी बाजरीच्या घुगऱ्या शिजत घातल्या होत्या, त्या ढवळून आल्या. पुन्हा येऊन बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "म्याच वाटला. माज्या हातानं." खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला त्यांची दया आली नाही. म्हातारी मान लांब करून कालवडीला चाटत होती आणि व्यापाऱ्याचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये होता, एवढंच मला दिसत होतं.

फोन वाजला. हे होते. "अगं, कुलूप हाय!"

"काय?"

"दाराला कुलूप हाय. शेजारी म्हनत्यात मघाच कुटंतरी गेल्या. फोन उचलंनात. काय करू, फोडू का?"

मी रडले. रागानंच रडले, पण रडले. बाजारात गेल्या असतील, मैत्रिणीकडे गेल्या असतील, आणि माझ्या कालवडीचा चीक तिकडे कुलपात बर्फ होऊन पडलाय. असं जे जे मनात आलं ते मी मोठ्यानं बोलले, सासूबाईंच्या देखत, त्यांच्या लेकीबद्दल. त्यांनी ऐकून घेतलं.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. आधी मी ओळखलंच नाही. कानटोपी, वर ओढणी, त्यावर शाल, डोळ्यांना चष्मा, त्याच्यावर धूळ. गाडी स्टँडला लावायच्या भानगडीत न पडता त्यांनी ती कुंपणाला टेकवली आणि चालत आत येता येता स्वेटरच्या आत हात घातला. वन्संनी पोटाशी दुसऱ्या ओढणीनं बांधलेली बाटली सोडून माझ्या हातात दिली.

"निम्मा पातळ झालाय," त्या म्हणाल्या. दात वाजत होते. "डिकीत ठेवला असता तर तसाच दगड राहिला असता. कोमट पाणी आण. कढत नको."

भिंगारपाशी कुठेतरी बहीण-भाऊ एकमेकांना चुकवून, एक इकडे आणि एक तिकडे गेले होते. वन्संचा फोन डिकीत वाजत पडला होता. ज्या बाईला पन्नाशीत पाय दुखतात म्हणून दारात स्कूटी असून बाजाराला रिक्षा लागते, ती भर थंडीत पोटाला बर्फ बांधून एवढा रस्ता आली होती. मी पाणी आणायला पळाले.

बादलीत बाटली फिरवून फिरवून चीक पातळ केला आणि बाटलीला वासरं पाजायचं निपल लावलं. हळदीवानी, सासूबाई म्हणाल्या होत्या तसाच. वन्सं चांगल्या पंजाबी ड्रेसवर शेणात बसल्या, कालवडीचं तोंड त्यांनी काखेत घेतलं, दोन बोटं आत घालून टाळूला चोळायला लागल्या. सावेडीची सगळी भाषा गळून पडली. "पी गं माजी बाय. पी की. लई लांबून आनलाय तुज्यासाठी." पहिल्यांदा चीक ओठांतून बाहेर आला. दुसऱ्यांदाही. मग घशाशी काहीतरी हललं, आणि एकाएकी कालवडीनं निपल असं ओढलं की बाटली माझ्या हातातून सुटता सुटता राहिली. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई उठून गोठ्याबाहेर गेल्या. त्यांना आम्ही बघू नये असं वाटत होतं, म्हणून आम्ही बघितलं नाही.

"रविवारी पाहुण्यांना काय कराल?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

वन्सं कालवडीच्या कानामागं खाजवत होत्या. "पाहुणे कुठले? मी खरवस करतच नाही, वहिनी. मागच्या वर्षी तू पाठवलेला खाल्ला, आणि मग आईचा फोन आला, वासरू गेलं म्हणून. त्यानंतर घशाखाली उतरत नाही. शेजारणींना देऊन टाकते, नाही तर पडून राहतो."

"मग दर वेळी मागता कशाला?"

"मी कुठं मागते? आई फोन करते, पाठवू का म्हणून. नको म्हटलं की तिचा आवाज पडतो." मग म्हणाल्या, "डबे पण तसेच आहेत बघ. धुवायचे नाहीत, आणि आत टाकायला गूळ घेतला की मला ते वासरू आठवायचं. म्हणून राहिले."

मी कपाळावर हात मारला. हे एवढं दिवाळीत सांगितलं असतं तर? पण या घरातल्या माणसांना जे सांगायचं ते सोडून बाकी सगळं बोलता येतं, यात मी काही नवीन शिकत नव्हते.

हे परत आले तोवर कालवड चार पाय चार दिशांना टाकून उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. हात धुवून म्हातारीपुढं घुगऱ्यांचं घमेलं ठेवलं. मग बाजूला जाऊन मोबाईल काढला. मला वाटलं फोटो काढतायत, स्टेटसला. पण ते व्यापाऱ्याचा नंबर पुसत होते, मला दिसेल असा.

उन्हं कलायच्या आत वन्संना निघायचं होतं. गाय व्याल्यावर त्या या घरातून पहिल्यांदाच काही न घेता चालल्या होत्या. मी रिकामी बाटली उचलली आणि सवयीनं नळाखाली धरली. आत तळाशी पिवळा थर राहिला होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत अशा वेळी गप्प राहिल्या त्या पहिल्यांदाच.

सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावर कुठली गाय आटणार होती, ते देव जाणे. भांडं धुण्याचा आणि गाय आटण्याचा काहीही संबंध नाही, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. पण या वेळी चीक घेणारे आम्ही होतो. मी नळ बंद केला. घरात जाऊन गुळाचा खडा फोडला, बाटलीच्या तोंडातून जाईल एवढा बारीक केला, आत टाकला आणि झाकण लावून बाटली वन्संच्या हातात दिली.

त्यांनी ती डिकीत ठेवली नाही. स्वेटरच्या आत, मघाच्याच जागी खोचली आणि गाडीला किक मारली.

कालवड आता दावं तोडते, माझी साडी चघळते आणि म्हातारीला सुखानं रवंथ करू देत नाही. दुसरी होस्टन माघात व्याली. सासूबाईंनी आधी वासराला पोटभर पाजलं, मग एक डबा भरला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सावेडीला?" मी म्हटलं, द्या. फ्रीझरमध्ये राहू दे, एखाद्या वासराला लागला तर.

तो डबा परत आला नाही. बाटलीही नाही.